धक्क्यावरची बाई

दुपारच्या चहाचं आधण ठेवलं होतं आणि ती साखरेचा डबा काढत होती, तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून स्पष्ट ऐकू आलं, "आली." डबा हातातच राहिला. घरात तिसरं माणूस नव्हतं. टीव्हीचा आवाज बंद होता. आणि नवऱ्याच्या तोंडून वर्ष उलटून गेलं तरी दोनच शब्द निघत होते, "हो ना." अर्धांगाच्या झटक्यात उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि घर रिकामं करून जाणाऱ्या भाडेकरूने कोपऱ्यात काहीतरी विसरावं तसे हे दोन शब्द तेवढे मागे राहिले. भूक लागली का? हो ना. अंथरूण ओलं झालं का? हो ना. ओलं नसलं तरी हो ना. एकदा चादर बदलता बदलता पाठीत चमक भरली तेव्हा तिने विचारून पाहिलं होतं, "मी मरू का आता?" त्यालाही हो ना, आणि तेही नेहमीच्याच सौजन्याने. आणि आज हे "आली". तिने गॅस बारीक केला, ओले हात कमरेला पुसले आणि दारात येऊन उभी राहिली. नकळत तिने कपाळावरचे केस मागे सारले. आपल्या पावलांच्या आवाजावरूनच म्हणाले असतील, असं तिला वाटलं. "अहो," ती म्हणाली, "काय म्हणालात? परत म्हणा ना." त्यांनी मान वळवली नाही. चांगल्या बाजूचा ओठ वर चढला होता. ते हसत होते, टीव्हीकडे बघून.

टीव्ही ही मुलीची करामत. मागच्या खेपेला आली तेव्हा ती त्याला इंटरनेट जोडून गेली होती. कुठल्या कुठल्या देशांतल्या गावांवर कॅमेरे लावलेले असतात, दिवसरात्र चालू, तिथे आत्ता जे चाललंय ते इथे आत्ता दिसतं. "बाबा जन्मभर फिरले," मुलगी म्हणाली होती, "आता काय भिंतीकडे बघत बसायचं त्यांनी? घरबसल्या जग बघू देत की." मग एक पूल दाखवून झाला, कबुतरांनी भरलेला एक चौक झाला, दोरीवरून लटकत वर जाणाऱ्या खुर्च्यांचा बर्फाळ डोंगर झाला. सगळीकडे ते पाच मिनिटांत पेंगले. एका तळ्यापाशी मात्र जागे राहिले. तळं, त्यात शिरलेला लाकडी धक्का, धक्क्याच्या तोंडाशी एक टपरी, मागे झाडी. होड्या यायच्या, जायच्या. मुलीने तेच लावून ठेवलं. बायकोच्या लेखी ते चित्र म्हणजे दवाखान्यातलं कॅलेंडर होतं. दाताच्या दवाखान्यात ती बरीच वर्षं पेशंटांची नावं लिहून घ्यायला बसायची. समोर असंच एक तळं टांगलेलं असे आणि महिना बदलेपर्यंत कोणी त्याच्याकडे बघत नसे. नवऱ्याच्या दुखण्यात ती नोकरी सुटली. आता ती पहिल्यांदाच टीव्हीतल्या तळ्याकडे नीट बघायला लागली. इथे दुपार कलत होती, तिथे सकाळ होत होती. जाड कोटातली, लाल लोकरी टोपीतली एक बाई टपरीचं शटर वर ढकलत होती. अंगठ्याएवढीच दिसत होती, चेहरा कळत नव्हता. बाईने घडीच्या खुर्च्या बाहेर काढल्या, ओळीने मांडल्या आणि फडक्याने एकेक पुसायला घेतली. वाकताना एक हात गुडघ्यावर टेकत होती. तरुण नव्हती. वाकण्यातून वय लपत नाही. आपल्याच वयाची असेल, हे तिच्या मनात आलं आणि तेच तिला सर्वांत लागलं.

खुर्च्या पुसून झाल्या तशी बाईने फडकं मांडीवर झटकलं, आणि खुर्चीतल्या नवऱ्याच्या घशातून समाधानाचा एक बारीक हुंकार आला. मी तुमचं काय काय पुसते, असं ती मोठ्याने म्हणाली नाही. चहा आटून गेला होता, तो टाकून तिने नवा ठेवला. या माणसाचा घरात शिरतानाचा पहिला शब्द सबंध संसारभर एकच होता: "पाणी." ते मोठे वजनकाटे विकायचे, अख्खा ट्रक चढवून तोलता येईल असे. पंधरवड्यातले दहा दिवस बाहेर. दार उघडलं की बॅग तिच्या हातात, "पाणी", आणि मग आंघोळ. बॅगेत हॉटेलातले इवलेसे साबण असत, तिच्यासाठी आणल्यासारखे. फिरलेल्या गावांबद्दल ते तिला कधी बोलले नाहीत. ती गावं तिला पाहुण्यांमुळे माहीत झाली. पाहुणे आले की ते रंगात येत, कुठल्या घाटात ढग खिडकीतून आत कसे येतात, कुठलं तळं पहाटे कसं आरशासारखं असतं, आणि ती चहाचा ट्रे धरून दारात उभी राहून ऐकायची. एकदा जायचं ठरलंही होतं, समुद्रावर. तिने बॅग भरली. आदल्या दिवशी ऑफिसचा फोन आला. पुढच्या वर्षी कंपनीच्या लोकांबरोबर ते एकटेच त्याच समुद्रावर जाऊन आले आणि ती गप्प गप्प आहे असं बघून म्हणाले, "पाणीच तर आहे. तुला काय वेगळं दिसणार होतं?" बाईचा वास यायला हवा होता त्या शर्टांना. तिने हुंगून पाहिले होते, खिसे पालथे केले होते. काही नव्हतं. एखादी बाई असती तर बरं झालं असतं. भांडायला कोणीतरी मिळालं असतं, आणि या माणसाला कोणाचं तरी काहीतरी वाटू शकतं, एवढं तरी कळलं असतं. ते आता कळलं.

मुलीचा फोन आला तेव्हा तिने सांगितलं, "अग, आज बोलले. आली म्हणाले." पलीकडून एकदम आवाज चिरकला, "खरंच? कोणाला?" तिला विचार करायला वेळ होता. चांगला श्वासभर वेळ होता. "मला," ती म्हणाली. "मी खोलीत आले, तर मला बघून म्हणाले." मुलगी फोनवर रडायलाच लागली. "बघ आई, म्हणजे त्यांना सगळं कळतं. तुझं सगळं कळतं त्यांना." तीही रडली थोडी. खोटं बोलल्यावर रडू इतकं खरं येतं, याचं तिला नवल वाटलं. मुलगी म्हणाली, या रविवारी येते, माझ्या कानांनी ऐकायचंय. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आता हे खरं करून घ्यायला हवं. आठवड्यातून एकदा येऊन बोलायला शिकवणारी जी मॅडम होती, कोवळी पोरच, तिने सांगितलं होतं की असे शब्द आपोआप निसटतात, मागून मिळत नाहीत, त्यांच्यामागे लागू नका. पण दाताच्या दवाखान्यात तिने इतकी माणसं पाहिली होती. तोंडात कापूस कोंबलेला असला तरी बोलायचंच असेल तर माणूस बोलतोच.

तिने टीव्ही बंद केला, रिमोट कपाटावर ठेवला. "कॅमेरा बिघडलाय," असं सांगितलं. मग ती घराबाहेर गेली, दार लोटून घेतलं, थोडं थांबली आणि दार उघडून आत आली. "म्हणा. कोण आलं?" हो ना. "हो ना नाही. आ... ली." हो ना. ती परत बाहेर गेली, परत आत आली. दुसऱ्या दिवशी केस विंचरून, चप्पल घालून, हातात पिशवी घेऊन आली, खरोखरीच कुठूनतरी आल्यासारखी. जिन्यात कचऱ्याची पिशवी घेऊन निघालेले समोरचे गृहस्थ थबकले. "किल्ली विसरलात का?" "नाही. जातेच आहे आत." ते दोन पायऱ्या उतरले आणि वळून बघत राहिले, आणि ती त्यांच्यादेखत स्वतःच्याच दारावर टकटक करून आत गेली. खुर्चीतला माणूस काळ्या पडद्याकडे बघत होता. मीटर बघायला कोणी आलं तर तिकडेसुद्धा माणूस मान वळवतो. ती त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसली, त्यांचा जबडा बोटांत धरला आणि चेहरा आपल्याकडे वळवला. "बोल ना रे," ती म्हणाली.

जिभेवरून घसरलंच ते. लग्न होऊन आल्यापासून अहो-जाहो, भांडणातसुद्धा अहो, ऑपरेशनच्या टेबलावर जाताना अहो. दोघंही ते ऐकत राहिली. वरून काही कोसळलं नाही. त्यांची, त्याची, एक पापणी हलली, बस्स. नवीन चप्पल घालून दोन पावलं टाकून बघावीत तसं तिने आणखी एकदा म्हणून पाहिलं, "ऐकतोस ना रे?" हो ना. तिला हसू फुटलं. बोटं जबड्यावर अजून तशीच होती, ती तिने जरा आणखी रुतवली, बघू या म्हणून. तेव्हापासून तो मनातसुद्धा 'ते' राहिला नाही. ऊठ. गीळ. कूस बदल. इतकी छोटी छोटी क्रियापदं, इतकी वर्षं कुठे होती कोण जाणे. काम निम्म्या वेळात उरकायला लागलं.

रविवारी मुलगी आली. येताना फळं घेऊन आली, बापाच्या केसांतून हात फिरवला, त्याच्या शेजारी स्टूल ओढून बसली. "आई, तू एकदा बाहेरून ये ना. बघू म्हणतात का."

"असं मुद्दाम नाही म्हणत हा."

"हा?"

"हे."

मुलीने तिच्याकडे जरा बघितलं. "एकदाच ग. तुला बघून म्हणाले ना?"

ती बाहेर गेली. दाराला कपाळ टेकून उभी राहिली. आतून मुलीचा लाडाचा आवाज येत होता, "बाबा, आता कोण येणार? सांगा बघू." ती आत आली. त्याने तिच्याकडे पाहिलं, आणि पाहिल्यावर नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे कपाटाकडे गेली, रिमोटकडे. "हो ना," तो म्हणाला. मुलगी हसली, टाळी वाजवायला उचललेले हात तिने मांडीवर ठेवले. "असू दे. दमले असतील. टीव्ही का बंद आहे पण? आवडतं ना त्यांना." ती काही बोलायच्या आत मुलीने उठून रिमोट घेतला. तळं आलं. धक्का आला. धुकं होतं, टपरी अर्धीच दिसत होती. ती मनातल्या मनात म्हणत होती, आज नको, आज येऊ नकोस, बाई. मग धुक्यातून लाल टोपी चालत आली. "आली," तो म्हणाला. स्वच्छ, गोल, प्रत्येक अक्षर पॉलिश केल्यासारखं. डावा हात खुर्चीवरून वर उचलला गेला आणि वरच राहिला. मुलीने टीव्हीकडे पाहिलं, मग बापाकडे, मग सर्वांत शेवटी तिच्याकडे.

"अच्छा," मुलगी म्हणाली.

पुढे स्वयंपाकघरात ती फळं चिरत असताना मुलीने मागून येऊन तिच्या पाठीवर हात ठेवला. "आई, असू दे ग. डोक्यातलं काय कुठे जोडलं जातं, आपल्या हातात थोडंच असतं." तो हात तिला चटका बसल्यासारखा वाटला. अपमान तिने आयुष्यात पुष्कळ पचवले होते, पण ते दोघांतले होते. आता अपमानाला साक्षीदार मिळाला होता, आणि त्या साक्षीदाराला तिची कीव येत होती. "आणि बाबांच्या जबड्याला काय झालंय? काळं-निळं दिसतंय."

"दाढी करताना लागलं."

मुलगी थांबली. काहीतरी विचारणार होती, हे तिला पाठमोरी असूनही कळलं. पण विचारलं असतं तर राहावं लागलं असतं, आणि मुलीला संध्याकाळची गाडी होती. "रेझर बदल," मुलगी म्हणाली. जाताना तिने बजावलं, "टीव्ही बंद ठेवू नकोस हां. तेवढा एकच तर आनंद आहे त्यांना." तिने नाही ठेवला. शब्दाची पक्की होती ती.

दिवस आखडत गेले. तिथल्या झाडांची पानं गेली, होड्या कमी झाल्या, आणि एक दिवस शटर वर गेलंच नाही. खुर्च्या एकावर एक रचून साखळीने बांधल्या होत्या, टपरीवर एक पाटी टांगली होती. हंगाम संपला, हे तिला पाटी न वाचताही कळलं. उन्हं परतली की उघडेल. तो वाट बघत बसला. दुसऱ्या दिवशीही बसला. मान पुढे काढून, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळतेय याची शुद्ध नाही. आणि नंतरच्या दुपारी ती शेजारून कपड्यांची बादली घेऊन जात असताना त्याने मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हो ना?" विचारलं. त्या दोन शब्दांना पहिल्यांदा प्रश्नाचा सूर होता. तिने बादली खाली ठेवली. या माणसाने तिला आजवर काही म्हणता काही विचारलं नव्हतं. गाडी कधीची आहे, बिल कुठे ठेवलंय, त्याला सगळं ठाऊक असायचं. आज पहिल्यांदा त्याला ठाऊक नसलेलं काहीतरी तिला ठाऊक असावं असं त्याला वाटलं होतं, आणि विचारत होता ते त्या बाईचं.

ती स्टुलावर बसली. रुमालाने त्याची हनुवटी पुसली, हळुवारपणे, कित्येक दिवसांत पुसली नव्हती इतक्या हळुवारपणे. "सांगणार नव्हते तुला," ती म्हणाली. "ती गेली रे. मेली." तो बघत राहिला. नुसतं मेली म्हणून भागणार नव्हतं. ती सांगत गेली तसतसं तिला दिसत गेलं. "तू झोपला होतास. मी इथेच होते. खुर्च्या पुसून झाल्या आणि फडकं धुवायला म्हणून धक्क्याच्या टोकाला गेली. फळ्या ओल्या होत्या, पाय सटकला. पाणी किती गार असेल विचार कर. दोनदा हात वर आला. मी बघत होते, पण इथून काय करणार माणूस? हाक मारली तरी जात नाही तिथे. मग दोन माणसं आली, गळाने ओढली. टोपी तेवढी बराच वेळ तरंगत होती." बोलता बोलता तिला बाईची खरंच दया आली. समोर त्याचा अर्धा चेहरा रडायला लागला. उरलेला अर्धा शांत होता, भलत्याच माणसाचा असल्यासारखा. घशातून एक आवाज येत होता, दार कुरकुरावं तसा, लांबलचक. सासूबाई गेल्या तेव्हा हा माणूस रडला नव्हता, मुलीच्या पाठवणीला रडला नव्हता. मी गेले असते तर, असा विचार तिच्या मनात डोकावला, तिने तो बाहेर काढला. बादली उचलून ती गच्चीत गेली, कपडे झटकून झटकून वाळत घातले. भूक चांगली लागली होती. दोन घास जास्तच गेले.

त्यानंतर तो तिच्याकडे बघायला लागला. सकाळी डोळे उघडले की पहिले तिला शोधायचे. ती खोलीत असेल तर तिच्याबरोबर फिरायचे, ती आत गेली की दारावर थांबायचे, ती परत आली की पुन्हा तिच्यावर. टीव्ही चालू असे, रिकामा धक्का दिसत असे, तो तिकडे ढुंकून बघत नसे. मुलगी फोनवर म्हणाली, "काय म्हणतात बाबा?" "माझ्याकडेच बघत असतात दिवसभर." "बघ. मी म्हटलं नव्हतं?" पहिले काही दिवस तिला हलकं हलकं वाटलं. ती आंघोळ लवकर उरकायला लागली, कानातलं घातलं, त्याच्यासमोर बसून केस विंचरले. ज्या नजरेसाठी तिने अख्खा संसार ताटकळत काढला ती आता सकाळपासून रात्रीपर्यंत फुकट मिळत होती. मग हळूहळू एकेक गोष्ट तिच्या लक्षात यायला लागली. "हो ना" बंद झालं होतं. काहीही विचारा, तोंड मिटलेलं. चमचा ओठांपाशी नेला की तो तोंड लगेच उघडायचा आणि चव न घेता, न चावता, घाईघाईने गिळून टाकायचा, गरम असलं तरी. तिने सुरी घेतली की नजर सुरीवर, किटली उचलली की किटलीवर. ती कुशीवर वळली तरी त्याचा श्वास थांबायचा. दाताच्या दवाखान्यात दार उघडं राहिलं की तिला आतली खुर्ची दिसायची. पेशंटचं काहीच हलत नसे. फक्त डोळे डॉक्टरच्या हातामागे फिरत, हात ट्रेकडे गेला की ट्रेकडे, तोंडाकडे आला की तोंडाकडे. ती नजर तिला चांगली ओळखता येत होती, फक्त घरात ओळखायला वेळ लागला. ती पाठ करून भाजी निवडायला लागली. पाठीवर ती नजर तशीच असायची. "काय बघतोस?" ती एकदा ओरडली. त्याने डोळे मिटले, आज्ञा झाल्यासारखे, आणि उघड म्हणेपर्यंत उघडले नाहीत.

तिथली पालवी तिने एकटीने पाहिली. तळ्यावरचा बर्फाचा थर फुटला, होड्यांना रंग लागला. तो बघत नव्हता म्हणून आता ती बघायची, त्याच्याकडे बघायला नको म्हणूनही बघायची. आणि एका दुपारी जाड कोट नसलेली एक बाई आली, बारीक झालेली, टोपी तीच. गुडघ्यावर हात टेकून वाकली, साखळी सोडली, खुर्च्या पुसायला घेतल्या. हरवलेलं माणूस दारात दिसावं तशी इकडे ती त्याच्याकडे वळली. "बघ," ती म्हणाली, "अरे, बघ तिकडे. आहे ती. जिवंत आहे." तो तिच्याकडेच बघत होता. "मी खोटं बोलले. बुडली नव्हती. टपरी बंद होती थंडीची, एवढंच. रागावले होते मी. बघ ना." तो बघत होता, तिच्याकडे. तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरून टीव्हीकडे वळवलं, अगदी सावकाश, कुठे लागू नये असं. मान वळली. डोळे मागे राहिले, कोपऱ्यात जाऊन तिच्यावरच थांबले. "अहो," ती म्हणाली. तो शब्द किती दिवसांनी तोंडात आला होता, नीट बसत नव्हता. "अहो, बघा ना. तुमच्यासाठी आलीय ती." ती उठली आणि टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन उभी राहिली, म्हणजे तिच्याकडे बघताना तरी ती बाई दिसेल. पडद्यावर बाई शेवटची खुर्ची पुसत होती. दाखवायला म्हणून तिने हात उचलला. तिने त्याला आजवर एकदाही मारलं नव्हतं. खुर्चीत त्याने मान खांद्यात ओढून घेतली आणि चांगला हात वर नेऊन चेहऱ्यावर आडवा धरला. तिने आपला हात लगेच खाली घेतला. त्याने घेतला नाही.